गच्चीवरच्या नळीचं तोंड

वरच्या मजल्यावर कुणी फ्लश ओढला की खालच्या न्हाणीघरातली मोरी गुडगुडते. बेसिनमधलं पाणी क्षणभर थांबतं, एक मोठा बुडबुडा वर येतो आणि मग सगळं पाणी भस्सकन खाली जातं. कमोडच्या भांड्यातलं पाणी कुणी वापरलं नसतानाही दोन बोटं खाली गेलेलं दिसतं. रात्री दारं-खिडक्या लावल्या की वास येऊ लागतो. अशा वेळी घरातला माणूस आधी बेसिनखालचा ट्रॅप खोलतो, मग मोरीत ॲसिड ओततो, मग प्लंबरला बोलावतो. प्लंबर स्प्रिंग फिरवून जातो, दोन दिवस बरे जातात आणि गुडगुड पुन्हा सुरू होते. पुष्कळदा याचं कारण असं की सांडपाण्याच्या पाईपात काही अडकलेलं नसतंच. अडलेली असते ती हवा, आणि तीही घरातलं कुणी वर्षानुवर्षं जिथे डोकावत नाही अशा ठिकाणी, गच्चीवर टोपी घालून उभ्या असलेल्या नळीच्या तोंडाशी.

या नळीला आपण व्हेंट पाईप म्हणतो. गावाकडे शौचालयामागच्या नळीला कुणी गॅसचा पाईपही म्हणतात. बहुतेकांची समजूत अशी की ही नळी घाण वास उंचावर नेऊन सोडण्यासाठी असते. ते तिचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं उलट्या दिशेचं आहे: बाहेरची हवा आत घेणं. माझ्या मते हेच काम जास्त मोलाचं आहे आणि तेच फार थोड्यांना ठाऊक असतं.

पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडून तेल ओतायला गेलं तर ते धक्के खात येतं; समोरच्या कोपऱ्यात दुसरं बारीक भोक पाडलं की धार सरळ लागते. सांडपाण्याच्या उभ्या पाईपातही हेच घडतं, फक्त वेग मोठा असतो. चार इंची पाईपातून कोसळणारं पाणी पाईप भरून खाली येत नाही. ते पाईपाच्या अंगाला चिकटून, थर धरून घसरतं आणि मधोमध हवेचा खांब उरतो. साधारण एक मजला उतरेपर्यंत पाण्याचा वेग सेकंदाला तीन-चार मीटरपर्यंत पोचतो आणि तिथेच स्थिरावतो. हा घसरता थर मधली हवा आपल्याबरोबर खाली ओढत नेतो. जेवढी हवा खाली गेली तेवढी वरून यायला हवी. वरचं तोंड उघडं असेल तर ती येते, आणि घरात कुणाला पत्ताही लागत नाही. तोंड बंद असेल तर पाईपातला दाब उतरतो आणि पाईप मिळेल तिथून हवा खेचू लागतो. घरातून त्याच्याकडे जाणारी वाट एकच असते, बेसिन, मोरी आणि कमोड यांच्या ट्रॅपमधून. गुडगुड म्हणजे त्या ट्रॅपमधलं पाणी फोडून हवा आत शिरल्याचा आवाज.

ट्रॅप म्हणजे पाईपाला मुद्दाम दिलेलं वळण. त्यात थोडं पाणी कायम साचून राहतं आणि ते पाणीच गटार आणि घर यांच्यामधला पडदा असतो. मोरीच्या जाळीखाली बसवलेला नहाणी ट्रॅप घ्या. त्यात साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच पाण्याचा पडदा असतो. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब सुमारे १०.३ मीटर उंच पाण्याचा स्तंभ तोलून धरू शकतो. या दोन आकड्यांची सांगड घातली की पडदा किती नाजूक आहे ते कळतं. पाईपातला दाब बाहेरच्या दाबापेक्षा जेमतेम अर्ध्या टक्क्याने उतरला तरी दोन इंचांचा पडदा ओढला जाऊ शकतो. म्हणूनच ब्रिटनमधले अभियंते उभ्या पाईपाचा आराखडा करताना आतला दाब ३७५ पास्कलपेक्षा जास्त वर-खाली होणार नाही अशी काळजी घेतात. ३७५ पास्कल म्हणजे ३८ मिलिमीटर पाणी. एवढ्याशा फरकाचा हा सगळा खेळ आहे.

पाईपाच्या तळाशी प्रकार नेमका उलटा होतो. वरून आलेलं पाणी खालच्या वळणावर आदळतं, तिथे कोंडलेली हवा दाबली जाते आणि तळमजल्यावरच्या कमोडमधून उसळी घेऊन बाहेर पडते. त्यामुळे एकाच बंद तोंडाच्या दोन वेगळ्या तक्रारी ऐकू येतात. वरच्या मजल्यावरचे लोक म्हणतात, ‘ट्रॅपमध्ये पाणीच टिकत नाही,’ आणि तळमजल्यावरचे म्हणतात, ‘भांड्यातून बुडबुडे येतात, अंगावर पाणी उडतं.’ दोघंही आपापल्या घरातला दोष शोधत बसतात.

ट्रॅपचं वळण पेटंट म्हणून नोंदलं गेलं ते १७७५ साली. लंडनमधले घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी शौचकूपाच्या भांड्याखाली इंग्रजी ‘एस’ अक्षराच्या आकाराचं वळण दिलं. कल्पना इतकी साधी आणि पक्की होती की ती आजही प्रत्येक घरात टिकून आहे. पण वळणात साचलेलं पाणी ओढलं जाऊ शकतं, त्याला राखायला हवेची सोबत लागते, हे घराघरांत पोचायला बराच काळ जावा लागला. त्याला वेग दिला तो एका राजघराण्यातल्या आजारपणाने. १८७१च्या शरद ऋतूत ब्रिटनचे युवराज एडवर्ड स्कारबरो इथे लॉन्डेस्बरो लॉज या घरात पाहुणे म्हणून राहिले आणि पुढे विषमज्वराने अंथरुणाला खिळले. त्याच घरात उतरलेले अर्ल ऑफ चेस्टरफील्ड आणि युवराजांचा एक मोतद्दार या तापात दगावले. युवराजांचे वडील प्रिन्स अल्बर्ट १४ डिसेंबर १८६१ रोजी गेले होते, तेव्हाही विषमज्वराचंच निदान झालं होतं. बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेच्या आसपास, मुलाचा जीव टांगणीला लागला होता. युवराज वाचले. ठपका आला तो त्या घरातल्या सांडपाण्याच्या पाईपांवर आणि गटारातून येणाऱ्या वायूवर.

विषमज्वर वायूने होत नाही. तो दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरतो. म्हणजे निदान चुकीचं होतं. पण त्या धसक्याने श्रीमंत घरांपासून साध्या घरांपर्यंत लोक भिंतीतले आणि जमिनीखालचे पाईप तपासू लागले. लीड्सचे शल्यचिकित्सक टी. प्रिजिन टील यांनी १८७८ साली घरातल्या सांडपाण्याच्या दोषांची चित्रंच चित्रं असलेलं एक पुस्तक काढलं: कुठे ट्रॅप नाही, कुठे पाईप भलत्याच ठिकाणी जोडला आहे, कुठे गटाराची हवा थेट झोपण्याच्या खोलीत येते आहे. मला हे पुस्तक फार महत्त्वाचं वाटतं, कारण एका डॉक्टराने रोग्याला तपासायचं सोडून त्याच्या घराचा पाईप तपासायला घेतला होता.

गटाराची हवा रोग पसरवत नाही, असं पुढे बराच काळ निर्धास्तपणे म्हटलं जात होतं. २००३ साली हाँगकाँगमध्ये त्या निर्धास्तपणाला तडा गेला. अमॉय गार्डन्स या वसाहतीत मार्च महिन्यात सार्सची लागण झालेला एक पाहुणा ‘ई’ इमारतीत येऊन गेला. त्याला जुलाब होत होते. पुढच्या काही आठवड्यांत त्या वसाहतीत तीनशेहून अधिक लोकांना लागण झाली. तपासात जे आढळलं ते नळकामाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखं आहे. तिथले रहिवासी न्हाणीघराची फरशी पाणी ओतून न धुता पुसून घेत. त्यामुळे जमिनीतल्या ट्रॅपमधलं पाणी वाळून गेलं होतं आणि पडदाच उरला नव्हता. न्हाणीघरातला पंखा लावला की तो मलवाहिनीतली हवा, आणि तिच्याबरोबर विषाणू असलेले सूक्ष्म थेंब, त्या कोरड्या ट्रॅपमधून घरात ओढत होता. पाण्याचा दोन इंची पडदा नसल्याची किंमत किती मोठी असू शकते, हे त्या वसाहतीने दाखवून दिलं.

आपल्याकडे मोरी रोज पाण्याने धुतली जाते, त्यामुळे हा धोका रोजच्या वापरातल्या मोरीला कमी आहे. पण बाल्कनीतल्या, पाहुण्यांच्या खोलीतल्या किंवा मालक परदेशी असलेल्या बंद फ्लॅटमधल्या नहाणी ट्रॅपकडे कुणी पाहत नाही. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात असा ट्रॅप सहज कोरडा पडतो. त्यात तांब्याभर पाणी ओतायचं आणि घर बराच काळ बंद राहणार असेल तर वर दोन चमचे गोडेतेल सोडायचं; तेलाचा थर पाणी उडू देत नाही. वास येतो म्हणून व्हेंट पाईपावर संशय घेण्याआधी ही एक गोष्ट करून पाहावी. कित्येकदा तेवढ्यावरच भागतं.

आता निदान. एकच बेसिन तुंबत असेल आणि बाकी सगळं ठीक वाहत असेल, तर गच्चीवर जायची गरज नाही. त्या बेसिनच्या ट्रॅपमध्ये केस आणि साबण साचले आहेत. दोन-तीन ठिकाणी एकाच वेळी पाणी रेंगाळत असेल, एकीकडे पाणी सोडलं की दुसरीकडे गुडगुडत असेल, तर मामला सामाईक पाईपाचा आहे. मग घराबाहेरच्या पहिल्या चेंबरचं झाकण उघडून बघा. चेंबर काठोकाठ भरलेला असेल तर पुढची लाईन चोक झालेली आहे किंवा सेप्टिक टाकी भरलेली आहे, आणि व्हेंट पाईप कितीही साफ केला तरी उपयोग नाही. चेंबर रिकामा असेल, पाणी खळखळत जात असेल आणि तरीही घरात गुडगुड असेल, तर नजर वर न्यायची.

याची खातरजमा करायला दोन माणसं लागतात. एकाने गच्चीवर नळीच्या तोंडाशी टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी धरायची आणि दुसऱ्याने घरात दोन फ्लश लागोपाठ सोडायचे, सोबत मोबाईलवर बोलत राहायचं. मलवाहिनीचाच पाईप गच्चीवर नेला असेल तर फ्लशबरोबर पट्टी आत ओढली जाते. नळी सेप्टिक टाकीवरून आलेली असेल तर टाकीत पाणी शिरताच आतला वायू बाहेर ढकलला जातो आणि पट्टी बाहेर फडफडते. पट्टी जागची हललीच नाही तर तोंड बंद आहे असं धरून चाला. काही जण यासाठी उदबत्ती धरतात, कुणी काडी ओढून आत उजेड पाडतात. हे कदापि करू नका. या नळीतून मिथेन येतो आणि हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्के असलं की तो भडकतो. आत पाहायला मोबाईलचा टॉर्च पुरतो. किंवा दुपारच्या उन्हात हातआरशाने प्रकाशाचा कवडसा नळीत पाडला तर चार-पाच फूट खोल लख्ख दिसतं.

तोंड कशाने बंद होतं? टोपी तुटलेली असेल तर साळुंक्या आणि चिमण्या आत घरटं करतात. शेजारच्या झाडाची पानं पडतात, मुलांचा चेंडू जातो, कुंभारमाशी मातीची घरं बांधते. गच्चीवर चायना मोझॅकचं किंवा वॉटरप्रूफिंगचं काम करताना मिस्त्री पाईपात सिमेंट जाऊ नये म्हणून कापडाचा बोळा कोंबतो आणि काम संपल्यावर तो तिथेच राहतो. गच्चीवर पत्र्याची शेड घातली की पाईप मध्ये येतो म्हणून पत्र्याखालीच कापला जातो. पण महाराष्ट्रात, विशेषतः गावांमधून आणि नव्या वस्त्यांमधून, सगळ्यात नेहमीचं कारण वेगळंच आहे, आणि त्याच्यामागे चांगला हेतू आहे.

क्युलेक्स क्विन्क्विफॅसिएटस या डासाला घाण, साचलेलं पाणी आवडतं. सेप्टिक टाकी म्हणजे त्याचं माहेरघर. हाच डास हत्तीरोग पसरवतो. उघड्या व्हेंट पाईपातून तो आत जातो, अंडी घालतो आणि नवी पिढी त्याच वाटेने बाहेर पडते. म्हणून आरोग्य विभाग आणि ग्रामपंचायती वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत की व्हेंट पाईपाला जाळी बांधा. सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. सेप्टिक टाकीविषयीचं भारतीय मानक, आय.एस. २४७०, हेही व्हेंट पाईपाच्या तोंडावर डास जाऊ शकणार नाहीत अशी तारेची जाळी असावी असंच सांगतं. बिघडतं ते जाळीच्या जागी जे बांधलं जातं त्यात. जुन्या साडीचा दुपदरी तुकडा, सिमेंटच्या गोणीचा कपटा, कधी तर चक्क प्लास्टिकची पिशवी! सुतळीने घट्ट आवळलेलं हे कापड पहिल्या पावसात भिजतं, त्यावर धूळ बसते, कोळी जाळं विणतो, आणि वर्षभरात ते बुचासारखं होतं. मग घरात गुडगुड सुरू होते, वास येतो, आणि लोक वैतागून कापडच काढून टाकतात. डासांना पुन्हा रान मोकळं मिळतं. दोन्ही बाजूंनी नुकसान.

खरी जाळीसुद्धा सपाट ताणून बसवली की निम्मं तोंड अडवते. शंभर मिलिमीटर व्यासाच्या पाईपाचं तोंड सुमारे ७८ चौरस सेंटिमीटर भरतं. ५० मिलिमीटरच्या पाईपाचं जेमतेम २० चौरस सेंटिमीटर, म्हणजे चौथा हिस्सा. जाळीच्या धाग्यांनी त्यातली निम्मी जागा खाल्ली तर दोन इंची पाईपाला हवा घ्यायला दहाच चौरस सेंटिमीटर उरतात, आणि त्यावर धूळ बसायची अजून बाकीच असते. उपाय सोपा आहे. जाळी पिशवीसारखी शिवायची, निदान वीतभर उंचीची, आणि तोंडावर सैल उभी राहील अशी चढवून खाली तारेने बांधायची. आत तारेचा एक वेढा ठेवला तर पिशवी कोलमडत नाही. आता हवा चारी बाजूंनी येते आणि जाळीतली मोकळी जागा पाईपाच्या तोंडापेक्षा जास्त भरते. खिडकीला लावतात ती नायलॉनची मच्छरजाळी चालते, मात्र उन्हाने ती कडक होऊन फाटते. स्टेनलेस स्टीलची जाळी मिळाली तर उत्तम.

साफ करायला कधी चढायचं? पावसाळ्याच्या आधी, कोरड्या दिवशी, सकाळी. सपाट गच्ची असेल आणि कठडा असेल तर हे काम कुणीही धडधाकट माणूस करू शकतो. कौलारू घराच्या छपरावर मात्र चढू नका. पावसाळ्यात शेवाळलेल्या कौलांवर तर नाहीच नाही. कोकणातल्या घरांमागे टाकीपासून भिंतीला धरून वर गेलेली दोन इंची नळी असते. तिचे क्लॅम्प सैल करून वरचा तुकडा कपलरमधून ओढून काढता येतो आणि जमिनीवर बसून साफ करता येतो. जवळून विजेची तार गेली असेल तर लोखंडी सळई आणि ॲल्युमिनियमची शिडी दोन्ही दूर ठेवा.

नाकातोंडाला मास्क, हाताला रबरी मोजे, डोळ्याला चष्मा. गच्चीवर कबुतरांची विष्ठा असेल तर ती आधी पाणी शिंपडून ओली करा. सुकी विष्ठा झाडली की तिची धूळ फुप्फुसात जाते आणि ती चांगली नाही. मग टोपी काढा. पी.व्ही.सी.ची टोपी बहुधा नुसती दाबून बसवलेली असते, थोडी फिरवली की निघते. तिची भोकं ब्रशने धुवा. पुष्कळदा सगळा दोष टोपीतच असतो आणि काम इथेच संपतं.

आत घरटं दिसलं तर ते खाली ढकलू नका. माणसाचा पहिला ओढा ढकलण्याकडेच असतो, आणि तोच अडचणीत आणतो. ढकललेलं घरटं चार मजले खाली जाऊन वळणात बसलं की जो चोक आजवर हवेचा होता तो आता मैल्याचा होतो. आठ नंबरच्या जाड तारेच्या टोकाला आकडा वळवा, तो घरट्याच्या बाजूने खाली सारा, फिरवा आणि वर ओढा. थोडं थोडं निघेल, निघू द्या. पिल्लं असतील तर तीन-चार आठवडे थांबा. साळुंकीची पिल्लं तेवढ्यात उडून जातात, आणि गुडगुड इतके दिवस सोसली तशी आणखी थोडे दिवस सोसता येते.

अडथळा हातभर खोल असेल तर बांबूची लवचीक कामटी किंवा प्लंबरची स्प्रिंग लागते. सुटलेला कचरा खाली जाणारच, म्हणून चेंबरमध्ये पाईप उघडतो त्या तोंडाखाली जुनी प्लास्टिकची पाटी किंवा जाळी ठेवायची आणि गोळा झालेलं काढून टाकायचं. मग वरून पाणी. इथे घाई करू नये. आधी एक तांब्या ओतायचा आणि ऐकायचं. पाणी सरसरत खाली गेल्याचा आवाज आला, चेंबरजवळच्या माणसाने ‘आलं’ म्हटलं, की मग बादली ओतायची. पाणी नळीत वर चढून उभं राहिलं तर तिथेच थांबा. पाण्याने भरलेला दहा मीटर उंच पाईप तळाच्या जोडावर हवेच्या दाबाएवढाच आणखी दाब टाकतो, आणि व्हेंटचे पाईप त्यासाठी बनवलेले नसतात. आपल्या मानकात, आय.एस. १३५९२ मध्ये, पी.व्ही.सी. पाईपांचे दोन प्रकार आहेत: ‘ए’ प्रकार हवा आणि पावसाच्या पाण्यासाठी, ‘बी’ प्रकार मैला आणि सांडपाण्यासाठी. ‘ए’ प्रकाराची भिंत पातळ असते. तो भरून टाकला तर जोड सुटतो आणि सुटतो तो भिंतीआड, जिथे दिसत नाही. म्हणून पाणी तुंबलं की पुन्हा कामटी, मग पुन्हा तांब्याभर पाणी.

ॲसिड नको, कॉस्टिक सोडाही नको. घरट्याच्या काड्या किंवा कापडाचा बोळा त्याने निघत नाही. उलट ॲसिड टाकीत उतरलं की तिथल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि मैला पचवणारे जिवाणू मरतात. आणि ज्या मोरीत ब्लीचिंग पावडर टाकलेली आहे तिथे ॲसिड पोचलं तर क्लोरीन तयार होतो. बंद न्हाणीघरात तो जीवावर बेततो.

हायड्रोजन सल्फाइडबद्दल आणखी दोन वाक्यं लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. कुजक्या अंड्यासारखा त्याचा वास अगदी कमी प्रमाणातही कळतो, पण हवेत दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास तो पोचला की नाकाची संवेदनाच बधिर होते. वास गेला, म्हणजे हवा चांगली झाली असं माणसाला वाटतं आणि तो आत उतरतो. सेप्टिक टाकीत उतरलेल्या एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, असे मृत्यू महाराष्ट्रात आणि देशभर वारंवार झालेले आहेत. व्हेंट साफ केल्यावरही चेंबर भरलेलाच राहिला, म्हणजे टाकी भरली आहे, तर तिचं झाकण उघडून वाकून पाहू नका आणि कुणा गरजू माणसाला पैसे देऊन आत उतरवू तर नकाच नका. २०१३च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे, घरमालकासाठीही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूसाठी दहा लाख रुपयांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३मध्ये ती तीस लाखांवर नेली. नगरपालिकेची किंवा खासगी सक्शनची गाडी बोलवा. टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसून घ्यावी लागते, ती तुंबेपर्यंत थांबायचं नसतं.

सोसायटीत राहणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. डक्टमधले उभे पाईप सामाईक असतात, ते तपासणं आणि दुरुस्त करणं ही सोसायटीची जबाबदारी. गच्चीवर जाऊन टोपी पाहणं, टिश्यूची पट्टी धरणं हे कुणीही सभासद करू शकतो, आणि कुठल्या मजल्यावर काय होतं ते लिहून कमिटीला दिलं तर प्लंबरचा निम्मा वेळ वाचतो. डक्टमध्ये स्वतः उतरू नका. ज्या गच्चीचा वापर होतो तिथे नळीचं तोंड निदान दोन मीटर उंच हवं. वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागतो म्हणून कुणी ती कंबरेपर्यंत कापून ठेवली असेल तर ती परत वाढवून घ्या. वास कपड्यांना लागतो तो ती आखूड आहे म्हणूनच.

परदेशातल्या मराठी घरांमध्ये याच नळीचं दुखणं निराळं असतं. मिनेसोटा किंवा ओंटारिओच्या कडाक्याच्या हिवाळ्यात नळीतून वर येणारी दमट, उबदार हवा तोंडाशी गोठते आणि आतून बर्फाचं कडं वाढत वाढत भोक बुजवून टाकतं. म्हणून अमेरिकेत अतिथंड भागात छपराबाहेरचं तोंड किमान तीन इंच व्यासाचं ठेवायचा नियम आहे. तिथे बर्फाळ छपरावर चढण्याऐवजी घरातून कोमट पाण्याचे फ्लश सोडणं किंवा हवामान सुधारेपर्यंत थांबणं शहाणपणाचं.

सगळं करूनही गुडगुड थांबली नाही तर एक शक्यता उरते: तुमच्या घराला व्हेंट पाईप कधी बसवलाच गेला नाही. लहान बंगल्यांच्या आणि रो-हाऊसच्या कामात हा खर्च वाचवलेला सर्रास आढळतो. गच्चीवर टोपी दिसते, पण खाली ती कशालाच जोडलेली नसते, किंवा लांबचा कमोड आणि मुख्य पाईप यांच्यामध्ये हवेची सोयच नसते. भिंत फोडून नवी नळी वर नेणं शक्य नसेल तर एकमार्गी हवेचा व्हॉल्व्ह बसवता येतो. आत दाब उतरला की तो उघडून हवा घेतो, एरवी मिटलेला राहतो. स्वीडनमध्ये १९७०च्या दशकात निघालेली ही युक्ती आता आपल्याकडेही मिळते. तो कमोडच्या किंवा बेसिनच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर, उभा आणि हात पोचेल अशा जागी बसवायचा, कारण त्याचा रबरी पडदा कधीतरी बदलावा लागतो. पण तो फक्त हवा आत घेतो, टाकीतला वायू बाहेर सोडत नाही. त्यामुळे घरात असे व्हॉल्व्ह कितीही लावले तरी सेप्टिक टाकीची उघडी नळी तशीच ठेवायची, तिच्या तोंडावर वीतभर उंच जाळीची पिशवी घालून.